दिवाळीच्या सुट्टीत मातीचा किल्ला कसा करावा

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दप्तर कोपऱ्यात जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच "आई, कंटाळा आला" सुरू होतं. शिबिराची फी भरण्याआधी एक घमेलं आणि दोन गोणपाटं शोधा. घाई न करता केलेला मातीचा किल्ला मुलांना आठ-दहा दिवस सहज पुरतो. आमच्याकडे त्याचा सगळा खर्च दीडशे रुपयांच्या पुढे कधी गेला नाही. बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो, तो मात्र आणू नका. तो मांडून झाला की मुलांना करायला काही उरत नाही.

आधी किल्ला ठरवा

माती आणायच्या आधी एक अख्खा दिवस यातच घालवा. नुसता "डोंगर" करण्यापेक्षा एखादा खराखुरा किल्ला निवडला की मुलं प्रश्न विचारू लागतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. बारा चिठ्ठ्या करा आणि घरातल्या सगळ्यात लहान पोराला एक उचलू द्या. भांडण होत नाही.

पहिल्यांदाच करणार असाल तर मी लोहगड सुचवेन. वर सपाट माथा, एका बाजूला लांब निमुळती विंचूकाट्याची सोंड, आणि चढताना एकामागून एक चार दरवाजे: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. आकार चटकन ओळखू येतो. हात बसला की राजगड घ्या. मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. त्याला जागा मात्र मोठी लागते.

ठरलेल्या किल्ल्याची रूपरेषा अंगणात खडूने काढा. चार फूट लांब, तीन फूट रुंद एवढी जागा पुष्कळ झाली. आकार मुलांनाच काढू द्या, वाकडा आला तरी चालेल.

सामान

दगड आणि विटांचे तुकडे आसपास मिळतात. बांधकामावरचे उचलायचे तर विचारून उचला. चार-पाच घमेली माती लागते, शक्यतो लाल. किराणा दुकानदाराकडे रिकामी गोणपाटं असतात. प्लास्टिकची पोती घेऊ नका, त्यांवर माती धरत नाही. याशिवाय पिठाची जुनी चाळण, थोडं भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा, मूठभर अळीव आणि थोडा गेरू. गणपतीची शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित केली असेल, तर ती माती फेकू नका. मावळे करायला तिच्यासारखी माती नाही.

डोंगर उभा करणं

मोठे दगड खाली, लहान वर, आणि मधल्या फटींत विटांचे तुकडे असे रचा. मोठ्यांनी हात लावायचा तो इथेच, कारण दगड निसटला तर बोट चेपतं. रचून झाल्यावर हाताने हलवून पाहा. डुगडुगणारा डोंगर पुढे सगळंच पाडतो. एखाद्या बाजूला दोन विटा उभ्या ठेवून गुहा राखून ठेवा, वाघाला घर लागतंच.

आता माती चाळायची. चार-पाच वर्षांच्या मुलांना यापेक्षा आवडीचं काम नाही, दुपारभर चाळत बसतात. चाळलेल्या मातीत तूस मिसळून ताकाइतका पातळ काला करा, त्यात गोणपाट पूर्ण बुडवा आणि डोंगरावर पांघरा. चुण्या पडल्या तर पडू द्या, त्याच सुकल्यावर कड्यांसारख्या दिसतात. त्यावर जाडसर चिखलाचा हात द्या आणि रात्रभर सुकू द्या.

सकाळी भेगा पडलेल्या दिसतील. मुलांचा चेहरा पडतो, पण त्यात बिघडलेलं काही नसतं. पातळ काला भेगांत भरून ओल्या हाताने सारवा. तुसाने भेगा कमी पडतात, म्हणूनच ते आधी घातलं.

तट, बुरूज आणि दरवाजा

तटाला चिखलाच्या जाड वळ्या करा आणि वरच्या कडेला जुन्या कंगव्याने चर्या, म्हणजे दातांसारख्या खाचा, पाडा. जंग्यांसाठी, म्हणजे तटातून मारा करायच्या झरोक्यांसाठी, काडीने भोकं पाडा. बुरुजाला उपडी वाटी साचा म्हणून चालते. दरवाजा करताना मुलांना थांबवून एक गोष्ट दाखवा. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड वळणावर आहे, समोरून येणाऱ्याला तो दिसत नाही. मग त्यांना सांगा, तुमचा दरवाजाही लपवून दाखवा. आमच्याकडे या एका दरवाजावर दोन भावंडांनी अख्खी सकाळ घालवली होती.

वर पाण्याचं टाकं हवंच, पाण्याशिवाय गड लढवता येत नाही. त्यासाठी नारळाची करवंटी पुरा. पायवाटेवर विटेची पूड टाका आणि तटाला गेरू लावा.

हिरवळ

यात सगळ्यात जास्त चूक होते. रमा एकादशीला, म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशी, पेरणी केलीत तर लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवळ दिसू लागते. अळीव भिजवून घेऊ नका, त्याचा बुळबुळीत गोळा होतो आणि पसरवता येत नाही. डोंगर ओला करून त्यावर कोरडंच भुरभुरवा. ओल लागली की दाणा स्वतःच चिकटतो, म्हणून उतारावर मोहरीपेक्षा अळीव बरं. मोहरी आणि गहू सपाट जागेवर टाका. तांब्याने पाणी ओतू नका, सगळी पेरणी पायथ्याशी वाहून येते. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडा आणि सकाळ-संध्याकाळ शिंपडा. रोज उठून "उगवलं का?" बघायला मुलं स्वतःच धावतात.

मावळे

महाराज सिंहासनावर आणि तोफा, एवढं कुंभाराकडून विकत आणा. बाकी मावळे, गवळणी, बैलगाडी मुलं शाडूची करतील. एखाद्याचं डोकं धडापेक्षा मोठं होईल, ते सुधारू नका. दोन दिवस सावलीत वाळवून मग रंगवा.

अंगण नसेल तर

गॅलरीत जलदुर्ग करा. जुन्या टबात किंवा मोठ्या परातीत सिंधुदुर्ग छान बसतो. १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू झालं. चारी बाजूंना खारं पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तीन बाटल्यांची झाकणं पुरून त्या मुलांना करू द्या. पाण्यालगत मात्र दगडच लावा, चिखल विरघळतो. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील.

पाहुणे आले की गड दाखवण्याचं काम मुलांकडे द्या: दरवाजा कुठून, टाकं कुठे, चोरवाट कुठली. संध्याकाळी त्यांना घेऊन गल्लीतले बाकीचे किल्ले बघायला जा, यालाही पैसे लागत नाहीत. पहिला-दुसरा नंबर काढू नका.

शेवटच्या दिवशी किल्ल्यात फटाके लावून तो उडवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ते करू देऊ नका. सुकलेला गोणपाट पेट घेतो आणि खडे डोळ्यांत जातात. त्याऐवजी तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवा, मग पाणी मारून मुलांनाच मोडू द्या. माती कुंड्यांत टाका, गोणपाट धुऊन वाळवा. मावळे कोरड्या फडक्याने पुसून, एकेक कागदात गुंडाळून अंड्यांच्या पुठ्ठ्यात भरा आणि खोक्यावर किल्ल्याचं नाव आणि साल घाला.