विश्वासांगीकाराच्या एकेका ओळीपासून: ख्रिस्ती शिकवणीचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

विश्वासाचं समर्थन शिकायचं म्हणून आमच्या मंडळीतली तरुण मुलं बहुधा वादविवादाच्या व्हिडिओंपासून सुरुवात करतात. मी त्यांना आधी विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची थोडक्यातली कबुली, उघडायला सांगतो. दर रविवारी उभं राहून आपण तो म्हणतो, पण त्यातलं एकेक वाक्य शास्त्रात कुठे आहे आणि ते का लिहावं लागलं, हे विचारलं तर बरेच जण थांबतात. जे नीट सांगता येत नाही, त्याचं समर्थन कसं करणार?

मी एक वही केली होती. एका पानावर विश्वासांगीकाराचं एकच वाक्य, खाली शास्त्रातले संदर्भ, त्याखाली माझे स्वतःचे प्रश्न. ‘पंतय पिलाताच्या वेळेस’ या शब्दांवर मी बराच रेंगाळलो. आपल्या विश्वासाच्या कबुलीत एका रोमी सुभेदाराचं नाव कशाला? पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदीयात होता, आणि ख्रिस्ती नसलेला रोमी इतिहासकार टॅसिटस यानेही त्याच्या हुकमाने ख्रिस्ताला देहदंड झाल्याचं लिहिलं आहे. म्हणजे आपण जे कबूल करतो ते एका ठरावीक गावात, ठरावीक राजवटीत घडलं. त्या नावाने आपला विश्वास इतिहासाच्या तपासणीसाठी खुला ठेवला आहे. हे समजल्यावर १ करिंथ १५ पुन्हा वाचा. पौल तिथे पुनरुत्थानाच्या साक्षीदारांची यादी देतो आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत, असंही सांगतो.

आता नेहमीच्या आक्षेपाकडे येतो: बायबलमधली पुस्तकं रोमी बादशहा कॉन्स्टंटाइनने निकायाच्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या सभेत, मतदान घेऊन ठरवली. परिषद ३२५ साली भरली आणि ती बादशहाने बोलावली, एवढं खरं. पण तिथला वाद अलेक्झांड्रियाच्या एरियसच्या शिकवणीचा होता. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, असं तो म्हणत असे. परिषदेने २० नियम केले. त्यांतला एकही बायबलच्या पुस्तकांविषयी नाही. नव्या करारातल्या २७ पुस्तकांची आज आहे तशी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते. चार शुभवर्तमानं मात्र त्याआधी दोनशे वर्षांच्या सुमारासच बिशप इरेनियसने चारच म्हणून धरलेली दिसतात.

हे उत्तर देताना आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. इब्री लोकांस पत्र, २ पेत्र, प्रकटीकरण या पुस्तकांबद्दल काही ठिकाणी बराच काळ मतभेद होते. हे लपवलं आणि समोरच्याने नंतर वाचलं, तर तो तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडे हा अभ्यास किती खोल झाला आहे, हे मराठी ख्रिस्ती मुलांना ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं. काशीत वाढलेले नीलकंठशास्त्री गोरे यांनी तरुणपणी ख्रिस्ती मताचं खंडन करणारा ग्रंथ संस्कृतात लिहिला आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. दोन्ही बाजू त्यांनी आतून पाहिल्या होत्या. पुढे त्यांच्या लिखाणाने पंडिता रमाबाईंची बौद्धिक खात्री पटली. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाई त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवणीविषयी आपल्या शिक्षिकांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. समजल्याशिवाय हो म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. नंतर त्यांनी लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त अजून सापडायचा होता. त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. तुमच्या मनात शंका असतील तर त्या वहीत लिहा, दाबून टाकू नका.

दुसऱ्याचं मत त्याच्याच ग्रंथातून वाचा. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. तशा वादांचं आजच्या अभ्यासकाला उपयोगाचं शिक्षण म्हणजे आक्षेप आक्षेपकाच्या शब्दांत मांडता येणं. तो ‘हो, हेच माझं म्हणणं आहे’ म्हणेपर्यंत उत्तराला हात घालू नये.

एकट्याने फार दिवस अभ्यास करू नका. पाळकांना विचारा, दोघातिघांचा गट करा. पुढे पदवी घ्यायची असेल तर सेरामपूर विद्यापीठाशी संलग्न सेमिनऱ्यांमध्ये बी.डी. ही ईश्वरविज्ञानाची पदवी करता येते. पुण्यात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही परंपरांच्या संस्था आहेत. नोकरी करणाऱ्याने आधी निदान नव्या कराराच्या मूळ भाषेची, ग्रीकची, अक्षरं तरी शिकावीत. शब्दकोश उघडता आला की बायबलचा अर्थ उलगडणारे टीकाग्रंथ वाचताना भीती वाटत नाही.

आणि तुम्हाला निकायाबद्दल क्वचितच कोणी विचारेल. शेजारी विचारतील, ‘सगळे मार्ग एकच नाहीत का?’ ‘तुमच्या आजोबांनी धर्म का सोडला?’ मूल गमावलेली बाई विचारेल, ‘देव कुठे होता?’ पहिल्या दोघांशी शांतपणे, आदराने बोला. १ पेत्र ३:१५ उत्तराला तयार राहायला सांगतं, तसंच सौम्यताही मागतं. त्या बाईसमोर मात्र युक्तिवाद करू नका. तिच्याजवळ बसा, तिची परवानगी घेऊन प्रार्थना करा. दुःखाच्या प्रश्नावरचं वाचन घरी करा, ती स्वतःहून विचारेल त्या दिवसासाठी.

सुरुवातीला मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचा. सोळाच अध्याय आहेत. मग वहीचं पहिलं पान काढा.