बागेतला कचरा कमी करायचाय? आधी एवढी तयारी करून ठेवा

बागेच्या मेंटेनन्सला नवीन लागलेल्यांसाठी लिहितोय, कारण कचरा कमी करायचा म्हटलं की सगळे आधी डबे वाढवायला धावतात, आणि खरं काम त्याच्या आधीचं असतं. सगळ्यात आधी एक ताणकाटा आणि वही. आठवडाभर, सुट्टीचा दिवस धरून, बाहेर जाणारं प्रत्येक पोतं काट्याला लावायचं आणि लिहून ठेवायचं, पाला किती, गवत किती, प्लॅस्टिक-कागद किती, उरलंसुरलं खाणं किती. मोठी झाडं असतील तर पाल्याचीच पोती जास्त निघतात आणि पाला हा कचरा नाहीच मुळी, त्याचं बागेतच ढीग रचून खत होतं, तो आपण उगाच गाडीत भरून बाहेर पाठवतो.

मग हातमोजे जाड बघून घ्या, लांब दांड्याचा चिमटा, आणि काचा-सुयांसाठी घट्ट झाकणाचा कडक प्लॅस्टिकचा डबा, काच पोत्यात टाकायची नाही म्हणजे नाही, पोतं उचलणाऱ्याच्या मांडीला लागते.

आता मुख्य सवय. खराटा मारायच्या आधी चिमट्याने रॅपर, झाकणं, सिगारेटची थोटकं वेचून घ्यायची, मगच पाला ओढायचा. उलटं केलं की रॅपर पाल्यात चुरगळून जातं, आणि दोन-तीन महिन्यांनी ढीग उपसला की काळ्याभोर खतात तो चमकता तुकडा जसाच्या तसा वर येतो, मी असे तुकडे तासन् तास निवडलेत म्हणून एवढं सांगतोय. थोटकाचा फिल्टर कापसासारखा दिसतो पण ते सेल्युलोज अ‍ॅसिटेट नावाचं प्लॅस्टिकच आहे, खतात चालत नाही.

खतासाठी सावलीतली, पाणी न साचणारी जागा आधीच ठरवा, ढीग निदान १ मीटर लांब-रुंद-उंच झाला पाहिजे, त्याहून लहान सहसा नीट तापत नाही. अंदाजे ३ घमेली सुका पाला, १ घमेलं हिरवं गवत, असे थर. मूठभर घेऊन दाबलं की एक-दोन थेंब यावेत, धार नको. नीट जमलं तर आत ५५-६० अंश तापतं, हात घालून ठेवता येत नाही. वास मारायला लागला तर ओल जास्त झालीये, सुका पाला घाला आणि खालीवर करा. तसंही आठ-दहा दिवसांनी पालटायचाच. नुसता पाला रचून ठेवला तरी खत होतं पण सहा महिने ते वर्ष लागतं. रोगट पानं वेगळी काढा. आणि पाला जाळायचा नाही, तो धूर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्याच छातीत जातो.

गवत कापायच्या आदल्या दिवशी पाती धार लावून ठेवा, उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका आणि बारीक कातरण तिथेच राहू द्या, तेच लॉनचं खत. गवत ओलं असेल तर थांबा, गठ्ठे पडतात. उरलेला पाला झाडांच्या आळ्यात ५ ते ८ सेंटीमीटर पसरा, बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा नाहीतर साल कुजते.

डबे शेवटी. ओला-सुका जोडीनेच ठेवा, झाकण हवंच, जागा गेटजवळ आणि बाकांजवळ, आणि गर्दीच्या दिवशी पाऊण भरले की रिकामे करा, कारण एकदा डबा ओसंडला की पुढचा माणूस शेजारीच टाकून जातो.

तीन महिन्यांनी परत एक आठवडा तोच काटा, तीच वही. पोती कुठल्या रकान्यात कमी झाली नाहीत ते बघून पुढचं काम तिथून धरा.