पार्टिशनचा प्रकार चुकला? डेटा वाचवायचा तर या चुका टाळा

गणपतीला मुंबईहून आलेल्या भाच्याने मामाच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दिलं आणि दीड दिवसाचं विसर्जन आटोपून तो परत गेला. दुसऱ्या दिवशी मामा, म्हणजे आमचे तात्या, माझ्या कुडाळच्या दुकानात हजर. हातात पिशवी, पिशवीत १ टीबीची हार्ड डिस्क, तिच्यात आठ वर्षं जत्रांमधून जमवलेली दशावताराची रेकॉर्डिंग.

"ड्राइव्ह दिसणाच नाय. राइट क्लिक केलंय तर एकच गोष्ट चालता, डिलीट व्हॉल्यूम."

"दाबलात नाय मां?"

"नाय. आधी तुझ्याकडे इलंय."

इथेच निम्मं काम झालं होतं. मी पाहिलेल्या बहुतेक डिस्क मूळ चुकीने गेलेल्या नाहीत, नंतरच्या घाईने गेल्यात.

झालं काय होतं? भाचा कमांड देताना डिस्क चुकला. लिनक्सच्या डिस्कवर लावायचा पार्टिशनचा (म्हणजे डिस्कच्या कप्प्याचा) प्रकार त्याने तात्यांच्या डिस्कवर लावला. सातबाऱ्यावर कलमांच्या बागेची नोंद वरकस (हलकी, पडीक जमीन) म्हणून चढावी, तसं हे. नोंद चुकली म्हणून कलमं उपटली जात नाहीत. पण वरकसच तर आहे म्हणून कोणी भाजावळ करायला, म्हणजे जमीन भाजून काढायला घेतली, तर मात्र संपलं. फॉरमॅट ही ती भाजावळ.

जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ६४ बाइटचा पार्टिशन टेबल असतो. चार पार्टिशनना प्रत्येकी १६ बाइट, आणि त्यातला एकच बाइट सांगतो की आत कुठल्या प्रकारची फाइल सिस्टिम (फायली मांडून ठेवायची पद्धत) आहे. विंडोजच्या एनटीएफएसला ०७, लिनक्सला ८३. तात्यांच्या डिस्कवर ०७ च्या जागी ८३ पडलं होतं. विंडोज ८३ पाहून म्हणतं, हे माझं नाही, आणि ड्राइव्ह लेटरच देत नाही.

पहिली गल्लत: तीन पाट्या एकच समजणं

व्हॉल्यूमचं नाव, ड्राइव्ह लेटर आणि पार्टिशनचा प्रकार या तीन वेगळ्या गोष्टी. नाव किंवा लेटर चुकलं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये बदला, फायलींना धक्का लागत नाही. खाली लिहिलंय ते सगळं तिसऱ्या पाटीबद्दल.

आत काय आहे ते न बघता उपाय करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करा, इन्स्टॉल करू नका. त्यातला एफडिस्क (fdisk) हा प्रोग्रॅम टेबलमधली नोंद वाचतो, बीएलकेआयडी (blkid) पार्टिशनच्या आत डोकावतो. एफडिस्कने 'लिनक्स' म्हटलं आणि बीएलकेआयडीने 'एनटीएफएस', तर रोग सापडला, आणि तो किरकोळ आहे. बीएलकेआयडी गप्पच बसला किंवा बिटलॉकर (विंडोजचं डेटाला लावलेलं कुलूप) म्हणाला, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, नुसता प्रकार बदलून भागणार नाही.

उलटंही होतं. जीपीटी (एमबीआरनंतर आलेली नवी पद्धत) डिस्कवर लिनक्सची जुनी साधनं स्वतःच्या पार्टिशनला मायक्रोसॉफ्टच्याच डेटा पार्टिशनचा कोड देत असत. अशी डिस्क विंडोजला जोडली की लेटर मिळतं, आतलं काही कळत नाही, आणि लगेच विचारणा येते, फॉरमॅट करू का? डिस्क ठणठणीत असते. तिथे 'कॅन्सल'.

हात लावण्याआधी नक्कल न घेणं

निदान पार्टिशन टेबलची तरी घ्या. लिनक्समधल्या एसएफडिस्कने (sfdisk) त्याची एक छोटी टेक्स्ट फाइल निघते, ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, त्याच डिस्कवर नाही. डिस्क वाचताना अडखळत असेल तर बाकी सगळं सोडा. आधी डीडीरेस्क्यू (ddrescue) या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल काढा, पुढचे प्रयोग इमेजवर. आणि "बघू तरी" म्हणून विंडोजचं चेकडिस्क चालवू नका. ते फाइल सिस्टिम सुसंगत करतं, तुमच्या फायली वाचवण्याची हमी घेत नाही.

दुरुस्ती करताना चुकीची डिस्क निवडणं

भाच्याने केलं तेच. डिस्कचा नंबर पाठ म्हणून टाकू नका, आकारावरून ओळखा. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कॉम्प्युटरला नको असलेल्या बाकी सगळ्या डिस्क काढूनच ठेवा, मी तर तेच करतो.

विंडोजमध्ये डिस्कपार्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, लिस्ट पार्टिशन, सिलेक्ट पार्टिशन, मग डिटेल पार्टिशन. इथे प्रकार ८३ दिसला की सेट आयडी, बरोबरचं चिन्ह (=), ०७. (कमांड अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.) याच डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' नावाची कमांड आहे. नाव गोंडस, काम अख्खा पार्टिशन टेबल पुसण्याचं. इंटरनेटवरच्या कुठल्याही सल्ल्यात ती दिसली तर तो सल्ला बंद करा.

मला स्वतःला लिनक्सचा एफडिस्क जास्त भरवशाचा वाटतो. 'टी' दाबून प्रकार ७ द्यायचा, 'पी' दाबून टेबल डोळ्यांखालून घालायचा. 'डब्ल्यू' दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, शंका आली तर 'क्यू' दाबून बाहेर. जीपीटी डिस्क असेल तर जीडिस्क वापरा, तिथे ०७०० आणि ८३०० असे कोड आहेत.

पार्टिशन आधीच डिलीट करून बसला असाल तर टेबलमधली नोंद गेलीय, डेटा बहुधा जागेवर आहे. त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका, टेस्टडिस्क या प्रोग्रॅमने पार्टिशनची जुनी हद्द शोधा. एसएसडी फॉरमॅट झाली असेल तर मात्र आशा कमी, ट्रिममुळे रिकामे ब्लॉक डिस्क स्वतःच साफ करते.

आणखी एक, आपल्याकडचं. प्रकार बदलणं क्षणाचं काम. पण पार्टिशन लहानमोठं करणं, सरकवणं तासन्‌तास चालतं. पावसाळ्यात लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून ही कामं यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरवर घेऊच नका.

तात्यांच्या डिस्कवर एवढं सगळं करून झाल्यावर लेटर दिलं, ड्राइव्ह उघडला. त्यांनी लगेच पहिली फाइल लावली, पेटी वाजली, ते खूश. मी त्यांना थांबवून मधली आणि शेवटची फाइल लावायला सांगितली, तीही अर्ध्यावरून. संकासुर धावून आला तेव्हा कुठे मी नव्या डिस्कवर कॉपी लावली. कॉपी संपेपर्यंत तात्या स्टुलावरून उठले नाहीत.