पडीक बागेचा तुकडा पुन्हा लागवडीखाली आणताना

दोन-तीन वर्षे कोणी हात न लावलेल्या भाजीपाल्याच्या तुकड्यात गवत कमरेएवढे वाढलेले असते, आणि ते पाहून सगळे एकाच रविवारी साफ करावे असा मोह होतो. तो आवरावा. जेवढ्या जागेत आपण लगेच लावणार आहोत तेवढीच, म्हणजे साधारण चौथा हिस्सा, मोकळी करावी; कारण उघडी पडलेली माती महिनाभरात पुन्हा तणांनी भरते आणि आधीचे सारे कष्ट वाया जातात.

पहिल्या दिवशी पाय पूर्ण झाकणारे पायताण आणि जाड हातमोजे घालून, काठीने गवत आपटत फिरावे. आत साप-विंचू असू शकतात, शिवाय फुटक्या काचा आणि तारांचे तुकडेही असतात. मग विळ्याने गवत जमिनीलगत कापावे. उरलेल्या तीन हिश्शांत ते बी धरण्याआधी कापून त्यावर जाड पुठ्ठे किंवा काळे प्लास्टिक अंथरून कडेने दगड ठेवावेत; उजेड न मिळाल्याने बरेचसे तण तिथेच दमते.

खरी मेहनत मुळांची आहे. हरळीच्या पांढऱ्या, टोकदार, पेरे असलेल्या काश्या, म्हणजे जमिनीखालची खोडे, मातीत आडव्या पसरतात, आणि त्यांच्या प्रत्येक पेरातून नवे रोप फुटू शकते. म्हणूनच अशा जागेत सुरुवातीलाच यंत्राने नांगरट करू नये, असे माझे ठाम मत आहे. यंत्राची पाती एका काशीचे वीस तुकडे करून सर्वत्र पेरतात. जमीन वाफशावर आली, म्हणजे फार ओली किंवा फार कोरडी न राहता भुसभुशीत झाली, की दातेरी कुदळीने ढेकूळ उचलावे, हाताने फोडावे आणि काशी न तोडता अखंड ओढून काढावी. लव्हाळा त्याहून चिवट असतो. त्याच्या काळपट गाठी बारीक दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि झाड उपटले की दोरा तुटून गाठ आतच राहते. त्याचे टोकदार कोंब प्लास्टिकही भेदून वर येतात, म्हणून नुसत्या आच्छादनावर विसंबू नये. खणून गाठी वेचाव्यात आणि नव्याने येणारे कोंब दर दोन-तीन आठवड्यांनी काढत राहावेत. काढलेल्या काश्या आणि गाठी कडक उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय खताच्या ढिगात टाकू नयेत. कोवळे, बी न धरलेले गवत मात्र खुशाल टाकावे.

मोकळ्या झालेल्या जागेत मधोमध पाय न ठेवता दोन्ही बाजूंनी हात पोचेल असे, सुमारे १२० सेंटिमीटर रुंदीचे वाफे आखावेत, त्यांवर ५ सेंटिमीटर कुजलेले खत पसरून पाणी द्यावे आणि पंधरा दिवस काहीही पेरू नये. एवढ्या अवधीत वरच्या थरातले तणाचे बी उगवून येते. ते खुरप्याने अगदी वरच्यावर खरवडावे, खोल खणून खालचे बी वर आणू नये, आणि त्याच दिवशी रोपे लावावीत. ती रुजली की पुठ्ठ्याखालच्या पुढच्या हिश्शाकडे वळावे.