नेरुळच्या खाडीकाठी हिवाळ्यातील पहाटफेरी कशी आखावी

डिसेंबर-जानेवारीत नेरुळच्या खाडीकाठी फिरायला निघण्यापूर्वी पंचांगातील तिथी पाहावी, कारण तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली असता मुंबई परिसरातील पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. द्वादशी किंवा त्रयोदशीची सकाळ मला सर्वांत सोयीची वाटते: सातला पोहोचल्यास चढते पाणी चिखलपट्टा झाकत येते आणि रोहित पक्षी, चोच उलटी धरून चिखल गाळत, हळूहळू काठाकडे सरकतात. ओहोटीला दुर्बिणीवाचून केवळ गुलाबी रेघ दिसते. बंधाऱ्यावरून खाली उतरू नये. वरून सुकलेला दिसणारा चिखल पाय गुडघ्यापर्यंत ओढून घेतो. भडक कपडे टाळावेत, आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणाऱ्यांच्या (असे असतातच) बरेच पुढे निघून जावे.