जुन्या कपाटाच्या दाराचा फळा

कपाटाच्या दाराला गुळगुळीत ऑइलपेंट होता; खडू नुसता घसरायचा. खडूला धरायला खरखरीतपणा लागतो, आणि तो घरीही आणता येतो.

आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने दार घासून चकाकी घालवली, ओल्या फडक्याने पुसून प्रायमरचा एक हात दिला. मग एक कप काळ्या मॅट अ‍ॅक्रिलिक इमल्शनमध्ये दोन मोठे चमचे टाइल्सच्या फटी भरायची ग्राउट पावडर मिसळली. ग्राउट बिनवाळूची हवी आणि शक्यतो काळी, पांढरीने फळा राखाडी होतो. पावडर थेट रंगात टाकलीत तर गुठळ्या सुटता सुटत नाहीत. आधी थोड्या पाण्यात कालवा, मग गाळणीतून रंगात सोडा. मिश्रण लवकर घट्ट होतं, म्हणून लागेल तेवढंच करायचं. (प्लास्टर ऑफ पॅरिसही चालतं म्हणे, पण ते फारच पटकन आळतं. मला ग्राउटच बरी वाटते.)

फोमच्या रोलरने दोन पातळ हात दिले, मधे बारीक पेपर फिरवला. तीन दिवस वाळू दिलं. लिहिण्याआधी खडू आडवा धरून सगळं दार पांढरं करायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. हे टाळलं तर पहिल्या अक्षरांचे पुसट ठसे कायमचे राहतात.

भिंतीलाही हेच मिश्रण लावता येतं. ओल येणारी भिंत मात्र सोडा.