काळ्या रानात गाडी रुतली, तर आधी ईएससीचं बटण बघा

पावसाळ्यात मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात गाडी घातली की चाक जागेवरच फिरतं, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी इंजिन मेल्यासारखं होतं. बऱ्याचदा गाडीत बिघाड काहीच नसतो. चाक घसरतंय हे कळल्यावर ईएससीसोबतचं (ईएससी म्हणजे घसरणारी गाडी ताब्यात ठेवणारी यंत्रणा) ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावतं आणि इंजिनचा जोर कमी करतं. ओल्या डांबरी रस्त्यावर तेच हवं असतं, चिखलात मात्र ते आडवं येतं.

१. घसरत्या गाडीचं चित्र असलेलं बटण शोधा. काही गाड्यांत ते स्क्रीनच्या मेनूत असतं. बंद झाल्याचा दिवा लागून राहीपर्यंत दाबा, काही गाड्यांत थोडा वेळ दाबून धरावं लागतं. (दिवा नुसता लुकलुकत असेल, तर यंत्रणा चालू आहे आणि काम करतेय.)

२. स्टिअरिंग सरळ करा. फिरणाऱ्या चाकापुढचा चिखल फावड्याने, नाहीतर हाताने काढा आणि तिथे तुराट्या किंवा जुनं पोतं दाबून बसवा. बहुतेक छोट्या गाड्यांत फिरणारं चाक पुढचंच असतं. बांधावर तुराट्या मिळतातच, मालकाला विचारून घ्या म्हणजे झालं.

३. दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडा. रेस करून चाक अजून खोल जातं. पुढे जमेना तर रिव्हर्स, आलेल्या चाकोरीतूनच.

डांबरीवर आल्याबरोबर बटण परत दाबून दिवा विझलाय ना ते बघा. सोलापूर-पुणे हायवेवर ईएससी बंद ठेवून वेगात वळण घेणं जिवावर बेतू शकतं.